भाकरीचा पापुद्रा आणि आतड्यातला कर्करोग

तासगाव तालुक्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत असे समजू. वय ७६. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मधुमेह आहे. सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवली, तेव्हापासून रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. गेले तीन महिने शौचावाटे अधूनमधून रक्त जाते. अण्णा म्हणतात, "मूळव्याध आहे, जुनीच." मुलगा म्हणतो, "अण्णा, एकदा मिरजेला दाखवून येऊ." त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले असते : "आणि काही निघालंच, तर या वयात पोट फाडून घ्यायचं का? नकोच ते."

हे अण्णा कल्पनेतले आहेत. पण सातारा-सांगलीकडच्या बहुतेक शिक्षकांना आपल्या नात्यात, शेजारी किंवा पेन्शनरांच्या बैठकीत असे कुणीतरी सापडेल. अण्णांच्या बोलण्यात दोन गृहीतके आहेत. पहिले, रक्त म्हणजे मूळव्याध. दुसरे, आतड्यात कर्करोग निघाला तर पोट उघडण्याखेरीज उपाय नाही. पहिले अनेकदा खरे ठरते, पण त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. दुसरे आता सर्वांच्या बाबतीत खरे राहिलेले नाही. रोग वरच्या थरातच असेल, तर पोटाला हात न लावता तो आतूनच काढता येतो. 'वरचा थर' म्हणजे नेमका किती, हाच या लेखाचा विषय आहे.

म्हातारपणी हा रोग का वाढतो?

आपले मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावरून मळ सरकत असतो, त्यामुळे अस्तराच्या पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. चार-पाच दिवसांत हे अस्तर जवळजवळ नवे होते. विद्यार्थ्यांना एक हिशोब घालता येईल : ७० वर्षांत ते किती वेळा नवे होईल? पाच दिवसांचा फेरा धरला, तर पाच हजारांहून अधिक वेळा.

प्रत्येक वेळी पेशीला आपल्या जनुकांची नक्कल करावी लागते. इतक्या वेळा लिहायचे म्हटल्यावर कुठेतरी चूक राहणारच. बहुतेक चुका दुरुस्त होतात, काही पेशी मरून जातात. पण वाढीवर लगाम ठेवणाऱ्या जनुकातच चूक झाली आणि ती टिकली, तर त्या जागी पेशींचा लहानसा उंचवटा तयार होतो. यालाच पॉलिप म्हणतात. काही पॉलिप अळंबीसारखे देठावर उभे असतात, काही भिंतीवर पसरट असतात. त्यातल्या काहींमध्ये चुकांवर चुका साठत जातात आणि त्यातून कर्करोग तयार होतो. अमेरिकेतील बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून या चुकांची साखळी दाखवून दिली. लहान पॉलिपपासून कर्करोगापर्यंतच्या वाटेला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

यातून दोन गोष्टी कळतात. चुका साठायला वेळ लागतो, म्हणून वय वाढते तसा धोका वाढतो. आणि रोगाची वाट लांब आहे, म्हणून वाटेत त्याला गाठण्याची संधीही मोठी आहे. मात्र हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत सरासरी वय पन्नाशीच्या आत निघाले होते.

भिंतीचे थर

आतड्याची भिंत फुगलेल्या स्थितीत जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. तेवढ्यात चार थर बसवलेले आहेत. सर्वांत आत अस्तर, त्याच्या तळाशी स्नायूचा एक अतिशय पातळ पडदा. त्याखाली सैल, जाळीदार थर. याला अधःस्तर म्हणू. त्यात रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या असतात. त्याच्या बाहेर जाड स्नायू, जो मळ पुढे ढकलतो. सर्वांत बाहेर पातळ आवरण.

कर्करोग अस्तरात सुरू होतो आणि खाली उतरत जातो. तो किती रुंद पसरला याला महत्त्व आहे, पण किती खोल गेला याला त्याहून अधिक आहे. कारण आतड्याच्या अस्तरात लसिकावाहिन्या जवळजवळ नसतात, त्या प्रामुख्याने अधःस्तरात असतात.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. वाईजवळच्या एखाद्या बांधीव विहिरीत झाडाचे पान पडले, तर ते विहिरीतच राहते. तेच पान शेजारच्या ओढ्यात पडले, तर कृष्णेत जाते. मग ते कराडला सापडेल की सांगलीला, हे सांगता येत नाही. अस्तरातला कर्करोग विहिरीतल्या पानासारखा असतो. अधःस्तरात उतरला की त्याला ओढा सापडतो. त्यातून पेशी आधी जवळच्या लसिकाग्रंथींत जातात आणि पुढे यकृत, फुप्फुस अशा दूरच्या ठिकाणी पोचतात.

पण अधःस्तरात पाऊल पडताच पेशी वाहून जातात असेही नाही. हजारो रुग्णांच्या काढलेल्या गाठी मोजून डॉक्टरांनी, विशेषतः जपानमधल्या, एक सीमा ठरवली आहे. रोग अधःस्तरात एक मिलिमीटरपेक्षा कमी उतरला असेल आणि बाकीची लक्षणे चांगली असतील, तर लसिकाग्रंथींत रोग असण्याची शक्यता फारच थोडी असते.

एक मिलिमीटर म्हणजे किती? वहीचे दहा कागद एकावर एक ठेवून दाबा. साधारण तेवढी ती जाडी असते. निर्णयाचा मोठा भाग त्या दहा कागदांवर अवलंबून असतो.

आत पाहायचे कसे?

इतके बारीक पाहायचे तर आधी आत उजेड हवा. दहावीच्या पुस्तकातले पूर्ण आंतरिक परावर्तन इथे कामाला आले. काचेच्या केसासारख्या तंतूत एका टोकाने शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत, बाहेर न सांडता, दुसऱ्या टोकाला निघतो. तंतू वाकवला तरी प्रकाश त्याच्याबरोबर वळतो. अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते, हे हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातून इंग्लंडला गेलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये बॅसिल हिर्शोविट्झ यांनी त्यावर आधारलेली, वाकणारी जठराची दुर्बीण करून दाखवली. पुढे तशीच लांब दुर्बीण मोठ्या आतड्यासाठी निघाली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम वूल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास सरकवून आतड्यातला पॉलिप काढायला सुरुवात केली. तोवर अशा पॉलिपसाठी पोट उघडावे लागत असे.

आता चित्र काचतंतूंतून येत नाही. दुर्बिणीच्या टोकालाच बारीक कॅमेरा असतो आणि डॉक्टर पडद्यावर पाहतात. त्यातही एक युक्ती आहे. रक्तातले हिमोग्लोबिन ठरावीक निळा आणि हिरवा प्रकाश जास्त शोषते. म्हणून पांढऱ्या उजेडाऐवजी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश टाकला, की बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. साध्या पॉलिपवर वाहिन्यांची नक्षी रेखीव असते. रोग खोल शिरला असेल तर ती मोडते, विस्कटते. अस्तरावरच्या सूक्ष्म छिद्रांची रांगोळीही तशीच बिघडते. तिचे प्रकार जपानचे डॉक्टर कुदो यांनी लावून दिले. थोडक्यात, एकही टाका न घालता, रोग वर आहे की खोल, याचा चांगला अंदाज येतो.

पापुद्रा फुगवण्याची युक्ती

पण तीन मिलिमीटरच्या भिंतीवरून फक्त वरचा थर सोलायचा कसा? जरा खोल गेले की भिंतीला भोक पडायचे.

ज्वारीची भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकली, की आतली वाफ पापुद्रा वर उचलते. खालचा जाड भाग तसाच राहतो आणि मध्ये पोकळी होते. फुगलेला पापुद्रा सोलताना खालची भाकरी फाटत नाही. दुर्बिणीचे डॉक्टर हेच करतात. दुर्बिणीतून लांब सुई नेऊन ते अधःस्तरात सलाइन किंवा त्याहून दाट द्रव सोडतात, त्यात थोडा निळा रंग मिसळतात. सैल अधःस्तर पाण्याने फुगतो, रोगट अस्तर टेंगळासारखे वर येते आणि स्नायूचा थर खाली सुरक्षित राहतो. निळा रंग म्हणजे अधःस्तराची खूण. तो दिसतो आहे तोवर आपण योग्य थरात आहोत असे समजायचे.

पुढे दोन वाटा आहेत. गाठ लहान, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत असेल, तर फुगवट्याभोवती तारेचा फास आवळून विजेच्या प्रवाहाने ती कापून घेतात. गाठ मोठी असेल तर फासात ती अखंड येत नाही, तुकडे पडतात. तुकडे जुळवून रोग किती खोल होता ते सांगणे अवघड जाते आणि कडेला काही राहून जाण्याची भीती असते. अशा वेळी बारीक विद्युतचाकूने गाठीभोवती चर पाडून, खालचा निळा थर कापत कापत, ती अखंड सोलून काढतात. ही दुसरी रीत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये जठराच्या कर्करोगासाठी पुढे आली आणि नंतर आतड्यासाठी वापरली जाऊ लागली. तिला वेळ लागतो, कधी काही तास, आणि हात चांगला बसलेला लागतो.

भाकरीचे उदाहरण आणखी एका बाबतीत लागू पडते. भाकरी कुठे चिकटली असेल तर तिथे पापुद्रा सुटत नाही. गाठीखाली द्रव सोडूनही ती वर आली नाही, तर रोगाने खाली मुळे रोवली असावीत अशी शंका येते. आधी अनेकदा तुकडे काढून जखमा झाल्या असतील तरीही अधःस्तर आक्रसून चिकटतो. म्हणून जी गाठ दुर्बिणीतून काढण्याजोगी दिसते, तिचे उगाच तुकडे घेऊ नयेत, असे जाणकार सांगतात.

कापताना रुग्णाला दुखत नाही का? आतड्याचे अस्तर कापल्याचे किंवा भाजल्याचे दुखणे मेंदूला कळत नाही. आतडे ताणले गेल्याचे मात्र कळते. म्हणून फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो आतड्यातून लवकर शोषला जातो, ताण लवकर उतरतो.

तपासणीचा कागद आणि शंभर अण्णा

काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते आणि मगच खरे उत्तर मिळते. चार प्रश्न विचारतात. कडा आणि तळ रोगमुक्त आहेत का? खोली किती? पेशी किती बिघडलेल्या दिसतात? रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरलेल्या, अथवा कडेने सुट्या फुटून निघालेल्या पेशी आहेत का? अण्णांच्या हाती तीनपैकी एक कागद येऊ शकतो.

पहिला कागद : रोग अस्तरातच, किंवा अधःस्तरात एक मिलिमीटरच्या आत, बाकी सारे चांगले. उपचार पूर्ण झाला. पुढे ठरल्यावेळी दुर्बिणीने पाहत राहायचे.

दुसरा कागद : खोली एक मिलिमीटरच्या वर, पण बाकीची तिन्ही उत्तरे चांगली. जपानी पाहणीत अशा रुग्णांपैकी शेकडा एक-दोघांच्याच लसिकाग्रंथींत रोग आढळला.

तिसरा कागद : रोग खोल, शिवाय वाहिन्यांत शिरलेला. इथे लसिकाग्रंथींत रोग असण्याची शक्यता बरीच वाढते. आतड्याचा तो भाग ग्रंथींसह काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते.

वयाचा प्रश्न खरा येतो तो दुसऱ्या कागदाशी. गणिताच्या तासाला मांडता येईल असे उदाहरण घेऊ. असा कागद मिळालेले शंभर अण्णा आहेत. सर्वांची शस्त्रक्रिया केली, तर ग्रंथींतला रोग निघाल्याचा फायदा एक-दोघांना होईल. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या ग्रंथींत काही नव्हतेच. आता मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या ७६ वर्षांच्या माणसाला मोठ्या शस्त्रक्रियेत जिवाचा धोका, उदाहरणापुरता, शेकडा चार धरा. म्हणजे दोघांना वाचवताना चौघे गमावण्याची वेळ येईल. शिवाय रोग गुदद्वाराजवळ असेल तर पोटावर पिशवी लावावी लागू शकते, ते वेगळेच. मग नुसते लक्ष ठेवणे शहाणपणाचे ठरू शकते.

हाच कागद पन्नाशीच्या धडधाकट माणसाच्या हाती असेल तर? शस्त्रक्रियेचा धोका कितीतरी कमी, आणि पुढचे आयुष्य तीस वर्षांचे. उत्तर बदलू शकते. रोग तोच, गाठ तीच, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातले वजन वेगळे. उलट तिसऱ्या कागदाच्या बाबतीत ७६ वर्षांच्या काटक माणसालाही शस्त्रक्रियाच योग्य ठरू शकते. तेव्हा नुसत्या जन्मतारखेकडे न पाहता त्याचे हृदय, मूत्रपिंडे, चालणे-फिरणे आणि मुख्य म्हणजे त्याची स्वतःची इच्छा पाहिली जाते.

अण्णांची चूक इथेच होते आहे. 'या वयात शस्त्रक्रिया नको' हा त्यांचा विचार वाईट नाही. पण त्यासाठी ते तपासणीच टाळत आहेत. त्यामुळे पहिला कागद मिळण्याची शक्यता दर महिन्याला कमी होते. शस्त्रक्रिया टाळायची असेल, तर आत लवकर पाहणे हाच मार्ग आहे. उशीर झाला आणि आतडे तुंबले, तर तातडीने पोट उघडावे लागते. वय झालेल्या माणसाला त्याइतके धोक्याचे दुसरे काही नसते.

वयस्करांसाठी घ्यायची काळजी

तपासणीआधी आतडे स्वच्छ करावे लागते. त्यामागे दिसण्याखेरीज दुसरेही कारण आहे. आतड्यातले जिवाणू हायड्रोजन आणि मिथेन तयार करतात. आत विजेची ठिणगी पडणार असेल, तर हे वायू तिथे नकोत. मॅनिटॉलसारखी साखर रेचक म्हणून दिली, तर जिवाणू तिच्यापासून आणखी वायू बनवतात. म्हणून पॉलिएथिलिन ग्लायकॉलचे द्रावण पसंत केले जाते. ते शरीरात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे पाण्या-क्षारांचा तोल फारसा बिघडत नाही. तरीही वृद्ध माणूस रात्री उठून संडासला जाताना चक्कर येऊन पडू शकतो. त्या रात्री सोबत कुणी असावे, मध्ये पाणी द्यावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपासाच्या दिवशी नेहमीसारखे घेतले, तर साखर एकदम उतरते. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू असेल तर कापल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. पण ती आपल्या मनाने बंद केली, तर स्टेंट बंद पडण्याची भीती असते. दोन्ही गोष्टी आधी डॉक्टरांना सांगून त्यांच्याकडूनच लिहून घ्याव्यात.

उपचाराला धोका नाहीच असे नाही. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित भिंतीला भोक पडते. गाठ सोलून काढण्याच्या रीतीत अनुभवी हाताखाली भोक पडण्याचे प्रमाण शेकडा पाचच्या आत असते, आणि बरीच भोके तिथल्या तिथे धातूच्या बारीक चिमट्यांनी मिटवता येतात. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांतही हा उपचार पुरेशा सुरक्षितपणे होतो, असा जपानमधला अनुभव आहे.

आपल्याकडे

सातारा-सांगलीच्या लोकांना दवाखान्यासाठी मिरज गाठण्याची जुनी सवय आहे. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय काढले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण तिथे येत राहिले. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. १९८० च्या दशकात कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आले. म्हणजे गावच्या डॉक्टरांनी 'आतून पाहून घ्या' म्हटले, तर ते आटोक्यातले अंतर आहे. मोठी गाठ अखंड सोलण्याचे काम मात्र सगळीकडे होत नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईला पाठवले जाऊ शकते. तसे पाठवले म्हणजे आशा संपली, असा अर्थ घेऊ नये.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगावच्या नोंदींतून दिसले, की आपल्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग शहरांपेक्षा कमी आहे. साऱ्या भारतातही तो दर लाख लोकांमागे वर्षाला पाचाच्या आसपास. अनेक श्रीमंत देशांत त्याच्या सहा-सातपट. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाही. सरसकट सर्वांची दुर्बिणीने तपासणी करा, असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. काहीच त्रास नसलेल्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांना तर तिचा उपयोगही थोडाच.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि माणसे आता जास्त जगतात. शिवाय लक्षणे असताना पाहणे ही वेगळी गोष्ट आहे. पन्नाशीनंतर प्रथमच शौचावाटे रक्त, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, कारण न कळता उतरलेले हिमोग्लोबिन किंवा वजन, घरात जवळच्या नात्यात हा रोग : यांपैकी काहीही असेल तर मूळव्याधीवर ढकलू नये. मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा रोग होत नाही असा नियम नाही. वेळेवर पाहण्याचा फायदा किती? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात पॉलिप काढून टाकलेल्या लोकांत या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा शेकडा ७६ ते ९० नी कमी निघाले.

शिक्षकांचे बोलणे गावात ऐकले जाते. वर्गात वहीचे दहा कागद दाबून दाखवा, प्रकाशतंतूचा धडा शिकवताना ही दुर्बीण सांगा. मुले घरी जाऊन आजोबांना सांगतील. आणि पेन्शनरांच्या बैठकीत कुणी अण्णा 'मूळव्याध आहे, जुनीच' म्हणाले, तर त्यांना एवढेच विचारा : "अण्णा, आत कुणी पाहिलंय का?"